घरी कोण कोण असतं?

"अहो, पामेलाबाईंनी माझं कौतुक केलंय," मी स्वयंपाकघरातून सांगितलं.

आमचे हे दाराजवळ स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते. रविवारी सकाळी जोडे घासायचे ही त्यांना इंग्लंडात लागलेली सवय. "वाच बघू," ते म्हणाले.

मी फोन लांब धरून वाचलं. "प्रिय रत्ना, नव्या लोकांचं स्वागत करण्याची तुमची पद्धत फारच वेगळी आणि धाडसी आहे. आपण दोघी कधीतरी थोडं बोलूया का? घरी कधीही या. शुभेच्छा, पामेला."

ब्रश थांबला. "धाडसी म्हणाल्या?"

"फारच धाडसी."

"आणि थोडं बोलूया?"

"व्हय की. कधीही या म्हणाल्यात."

ह्यांनी बूट खाली ठेवला. "संपलं," ते म्हणाले. "आमच्या कारखान्यात साहेब थोडं बोलूया म्हणाला की माणूस दुसऱ्या दिवशी आपला चहाचा मग उचलून घरी जातो."

ह्यांचं नाव बाहुबली चौगुले. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात ते इंजिनिअर होते आणि तिथे सगळे त्यांना बॉब म्हणत. बाहुबली नावाचा माणूस बॉब म्हटल्यावर मान वर करून हसतो, यापेक्षा मोठा संयम मी पाहिलेला नाही. आम्ही मूळचे जयसिंगपूरचे. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली, ह्यांची बदली नॉटिंगहॅमजवळच्या एका छोट्या गावात झाली आणि आम्ही ऑर्चर्ड क्लोज नावाच्या, पुढे बंद होणाऱ्या गल्लीत राहायला आलो. ऑर्चर्ड म्हणजे फळबाग. गल्लीत फळाचं झाड औषधालाही नव्हतं.

त्या गल्लीचा फेसबुकवर एक ग्रुप होता आणि पामेला व्हिटकोंब या त्याच्या सर्वेसर्वा. सत्तरीच्या, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. ग्रुपमध्ये शिरलं की सगळ्यात वर त्यांचे नियम. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवावा, किती वाजण्याआधी ठेवू नये, रविवारी गवत कापायचं यंत्र कधी चालवू नये, पाहुण्यांची गाडी कुणाच्या खिडकीसमोर येता कामा नये. नियमांच्या खाली काय, तर हरवलेलं मांजर, सापडलेलं मांजर आणि हवा. नवीन कुणी आलं की पामेलाबाई लिहायच्या, "स्वागत. कृपया नियम वाचा." बिचारा नवीन माणूस नियम वाचायचा आणि पुन्हा त्याचा आवाज म्हणून निघायचा नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी लिहिलं की ग्रुप थोडा आपुलकीचा व्हावा, नव्यांच्या स्वागताचं काम कुणाला घ्यायला आवडेल का. इंग्लंडमध्ये अशा प्रश्नानंतर चार दिवस गप्प बसायचं असतं. मग कुणीतरी म्हणायचं, "दुसरं कुणीच नसेल तर मी बघते." हे मला ह्यांनी नंतर सांगितलं. मी लगेच लिहून मोकळी झाले, "मी करते. मला फार आवडेल."

आमच्या जयसिंगपुरात नवीन बिऱ्हाड आलं की ट्रकमधून कपाट उतरायच्या आत त्यांचं गाव, जात, पगार आणि कपाट केवढ्याला पडलं हे गल्लीला कळलेलं असतं. इंग्लंड आहे म्हणून मी त्यातले अर्धे प्रश्न गाळले. चौदा नंबरच्या घरातला माणूस ग्रुपमध्ये आला, तेव्हा मी लिहिलं, "कॉलिन, तुमचं मनापासून स्वागत. तुमचं मूळ गाव कोणतं? घरी कोण कोण असतं? आई-वडील आहेत का? काय काम करता? घर स्वतःचं की भाड्याचं? आणि काल रात्री काय जेवलात?"

दुपारपर्यंत सामसूम. मग कुणीतरी "किती गोड" असं लिहिलं, कुणी "बापरे" लिहिलं. संध्याकाळी कॉलिनचं उत्तर आलं. "लीड्स. एकटाच असतो. आई आहे. प्लंबर. भाड्याचं. टोस्ट."

कॉलिन त्या गल्लीत कित्येक महिने राहत होता. समोरच्या नऊ नंबरमधले हॉवर्ड नळ गळायला लागला की थेट डर्बीहून प्लंबर बोलवायचे आणि त्याच्या येण्याजाण्याचेही पैसे मोजायचे. त्या दिवसानंतर कॉलिनला टोस्ट खायलाही फुरसत मिळेना. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली आणि पुढच्यांना आणखी उत्साहानं विचारायला लागले. सिमोन नावाच्या बाईंनी "हे जरा जास्तच होतंय" असं लिहून ग्रुप सोडला, तेव्हा मला वाटलं त्यांना घाई असेल.

आणि आता हा निरोप. ह्यांनी माझा फोन घेऊन ग्रुप उघडला आणि मला दाखवला. पामेलाबाईंनी तिथेही लिहिलं होतं की स्वागताच्या कामाबद्दल सर्वांची मतं ऐकायला आवडतील, शुक्रवारी काय ते ठरवू. खाली मतं होती. सगळी गोड. "रत्नाचा हेतू उत्तमच आहे, पण." "कुणाला दुखवायचं नाही, पण." हॉवर्डनी लिहिलं होतं, "लोकांना डब्यांची माहिती हवी असते. आई-वडिलांची नव्हे." ज्याच्या घरचा नळ माझ्यामुळे दुरुस्त झाला, तो हा माणूस.

"काढणार मला," मी म्हणाले.

"काढू देत की. पगार थोडाच मिळतोय?"

त्या गल्लीत येऊन तीन वर्षं झाली होती आणि गल्लीनं मला दिलेली ती पहिली गोष्ट होती. ती गेली असती, तर मी पुन्हा डबे बाहेर ठेवताना मान डोलावणारी बाई झाले असते. मी परात ओढली आणि शेंगदाण्याच्या पोळ्यांचं सारण करायला घेतलं.

"हे कुणासाठी?" ह्यांनी विचारलं.

"पामेलाबाईंसाठी. दुपारी जाऊन येते."

"अगं, कधीही या म्हणजे येऊ नका. इथं कधीतरी जेवायला या म्हणाले की आपण हो म्हणायचं आणि जायचं नाही. मी इतकी वर्षं तेच करतोय."

"मग म्हणतात कशाला?"

"बरं दिसतं म्हणून. आणि शेंगदाणे तर अजिबात नेऊ नकोस. इथल्या माणसांना शेंगदाण्यानं मरण येतं."

"विचारून देते की," मी म्हणाले. विचारायचं काम मला जमत होतंच.

पामेलाबाईंनी दार उघडलं ते बागकामाचे हातमोजे घालूनच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"काही झालंय का?"

"नाही. तुम्ही कधीही या म्हणालात. म्हणून आले."

आजवर त्यांच्या त्या वाक्यावर विश्वास ठेवून बहुतेक कुणीच आलेलं नसावं. पण बाई खानदानी. त्यांनी मोजे काढले, "अर्थात. किती छान," म्हणाल्या आणि मला आत घेतलं.

त्यांचं स्वयंपाकघर असं लख्ख की तिथे कधी फोडणी बसली असेल असं वाटेना. त्यांनी चहा केला. मी शेंगदाणे चालतात का ते विचारलं. चालतात म्हणाल्या, तेव्हा निम्मा जीव भांड्यात पडला. मग आम्ही हवेवर बोललो. दोघींचंही हवेवर तेच मत होतं, त्यामुळे तो विषय लवकर संपला.

"रत्ना," त्या कप फिरवत म्हणाल्या, "तुम्ही मनापासून करता हे सगळ्यांनाच दिसतं. पण लोकांना ते जरा खाजगी वाटतं."

"गाव खाजगी असतं?"

"आई-वडील असतात."

"मग नव्या माणसाला विचारायचं तरी काय?"

"विचारायचं नसतं. तो सांगेपर्यंत थांबायचं."

"आणि त्यानं सांगितलंच नाही तर?"

"मग कळत नाही," पामेलाबाई म्हणाल्या. "त्यात वाईट काय आहे?"

त्यात वाईट काय होतं ते मला चांगलंच ठाऊक होतं. फेब्रुवारीत माझे वडील गेले. फोन आला त्याच दिवशी मी निघाले, महिनाभर राहिले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाई कुंपणापाशी भेटल्या आणि म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी ऊन पडलंय." मी हो म्हणाले. त्या बाई वाईट नव्हत्या. मी सांगितलं असतं तर त्यांना मनापासून वाईट वाटलं असतं. पण सांगायचं कसं? कचऱ्याचा डबा ढकलता ढकलता? आमच्याकडे दुःख असलेल्या माणसाला तोंड उघडावं लागत नाही. लोक येऊन बसतात, विचारतात, त्याच त्याच गोष्टी दहा वेळा सांगायला लावतात. तेव्हा तो छळ वाटतो. इथे आल्यावर त्या छळासाठी माझा जीव तळमळला. म्हणून एप्रिलमध्ये मी हात वर केला होता. निदान दुसऱ्या कुणाला तरी कुणीतरी विचारावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

हे सगळं त्या क्षणी माझ्या अगदी ओठांवर होतं. पण न विचारता सांगायची मला सवय नाही. त्यामुळे दुःखाऐवजी राग बाहेर आला.

"तुम्हा इंग्लिश लोकांचं मला खरंच काही कळत नाही," मी म्हणाले.

पामेलाबाईंनी कप बशीत ठेवला. "मी इंग्लिश नाही," त्या म्हणाल्या.

तीन वर्षं मी या बाईंकडे बघून इंग्लिशपणा शिकत होते. चहात दूध कधी घालायचं, रांगेत किती अंतर ठेवायचं, "सॉरी" कुठल्या सुरात म्हणायचं, सगळं यांचं बघून. आणि बाई म्हणतात मी इंग्लिश नाही.

"मग?"

"वेल्सची. अगदी उत्तरेची. आमच्या गावात पाटीच्या दगडाची खाण होती. घरी, दुकानात, चर्चमध्ये आम्ही वेल्शच बोलायचो. शाळेत जाईपर्यंत मला इंग्लिशचा गंध नव्हता." त्यांनी पोळीचा एक तुकडा मोडला आणि तो खाल्ला. "लग्न होऊन या भागात आले. पहिल्याच रविवारी मी गावाकडच्यासारखी, न कळवता, मागच्या दारानं शेजारी गेले. शेजारच्या बाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. का ते मला कळेना. वर्षभर मी रोज काही ना काही चुकत होते आणि काय चुकतंय ते कुणीच सांगत नव्हतं. सगळे फार सभ्य होते."

"अरे देवा," मी म्हणाले.

"तेव्हा कुणी मला सगळं कागदावर लिहून दिलं असतं ना, तर मी त्या माणसाच्या पाया पडले असते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हणून तुम्ही ते नियम लिहिलेत?"

"नव्या माणसाची फजिती होऊ नये म्हणून. दुसरं काय कारण असणार?"

त्या नियमांवरून मी आणि ह्यांनी जेवताना किती हसून घेतलं होतं. डबा सातच्या आधी बाहेर ठेवला तर फाशी, असं हे म्हणायचे. आणि ही बाई इतकी वर्षं त्या नियमांनीच सगळ्यांना या, बसा म्हणत होती. मला त्यांची एकदम माया आली, आणि थोडं हसूही आलं.

"तुम्ही वेल्सच्या आहात हे गल्लीत कुणाला माहीत आहे?"

"कुणी विचारलं नाही," पामेलाबाई म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी घाईनं दुसरी पोळी घेतली.

मग मी विचारलं. घरी कोण कोण असायचं, वडील काय करायचे, आई कशी होती. बाई आधी दोन-दोन शब्दांत बोलत होत्या. मग खाणीतला भोंगा सांगितला, वडिलांच्या कपड्यांवरची राखाडी धूळ सांगितली, आई गाताना डोळे मिटायची ते सांगितलं. चहा गार झाला. दुसरा करावा हे त्यांनाही सुचलं नाही. मी निघाले तेव्हा मात्र त्या पुन्हा ताठ झाल्या आणि दारात म्हणाल्या, "शुक्रवारचं शुक्रवारी बघू."

"काढलं का ठेवलं?" घरी आल्या आल्या ह्यांनी विचारलं.

"काय माहीत."

"काय माहीत म्हणजे? दुपारभर काय करत होतीस मग?"

"वेल्सच्या आहेत त्या."

"बरं. मग?"

"मग काय, काही नाही," मी म्हणाले.

शुक्रवार उजाडला. हे कारखान्यातून लवकर आले. काळजीनं आले, पण काम नव्हतं म्हणून आलो असं म्हणाले. मी फोन टेबलावर उलटा ठेवून वाटाणे सोलत होते. फोन वाजला तेव्हा ह्यांनीच उचलला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"पामेला व्हिटकोंब. रत्नानं ग्रुपवर मला काही विचारलेलं नाही, कारण मी तिच्या आधीपासून इथे आहे. तरी सांगते. मूळ गाव उत्तर वेल्समध्ये. घरी मी एकटी. वडील खाणकामगार होते, आई गायची, दोघंही आता नाहीत. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, आता निवृत्त. काल रात्री शेंगदाण्याची गोड पोळी खाल्ली, संत्र्याचं मार्मलेड लावून." हे थांबले. "मार्मलेड?" त्यांनी अशा सुरात विचारलं की जणू घरात कुणी आजारी पडलंय.

"पुढं वाचा की."

"स्वागताचं काम रत्नाकडेच राहील. घर स्वतःचं की भाड्याचं, हा प्रश्न तेवढा तिनं वगळावा, अशी विनंती."

ह्यांनी फोन ठेवला. "राहिली की गं तुझी नोकरी," ते म्हणाले आणि माझ्या वाटीतले वाटाणे खाऊ लागले. माझा आनंद मी कसा सांगू? गुडघे दुखत होते तरी मी उठून दिवाणखान्यात एक फेरी मारून आले.

ग्रुपवर आधी नेहमीप्रमाणे सामसूम झाली. मग हॉवर्डनी लिहिलं, "माझी आई ग्लासगोची. काल मासे." मग कोपऱ्यावरच्या जोडप्यानं लिहिलं, मग समोरच्या बाईंनी. गल्लीत निम्मे लोक कुठून कुठून आलेले निघाले. आम्ही दोघं आळीपाळीनं वाचत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

आमच्याकडे बेल वाजली की पार्सलवाला असायचा. हे बनियनवर होते. काचेतून पांढरे केस दिसल्याबरोबर ते जिन्यावरून असे पळाले की बाहुबली हे नाव एकदाचं सार्थ झालं. मी इकडेतिकडे पाहिलं. सोफ्यावर धुतलेले कपडे, खाली वाटाण्याची टरफलं, ओट्यावर सकाळची भांडी. तीन वर्षं मी रोज दुपारी घर आवरून ठेवलं होतं, न जाणो कुणी येईल. आणि आलं तेव्हा घराची ही दशा. मी दार उघडलं.

"मी आधी फोन करायला हवा होता," पामेलाबाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले, "अजिबात नाही."

त्या आत आल्या. कपडे बाजूला सारायची वाट न बघता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

"तुमचे प्रश्न माझे पाठ झालेत," त्या म्हणाल्या. "तुमचं गाव मला ठाऊक आहे. मिस्टर चौगुले काय करतात तेही. पुढचा विचारते. तुमचे आई-वडील आहेत का?"

मी टॉवेलला हात पुसत होते. पुसतच राहिले.

"आई आहे," मी म्हणाले. "वडील फेब्रुवारीत गेले."

पामेलाबाईंनी खिडकीतून आमच्या डब्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फेब्रुवारीत तुमचे डबे कधी वेळेवर बाहेर आले नाहीत. मिस्टर चौगुले वार विसरत होते. तुम्ही घरी नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. आठवडे मोजत होते मी. पण विचारलं नाही."

"असू दे," मी म्हणाले.

"नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्स खाली जमिनीवर, टरफलांतच ठेवली. "त्यांचं नाव काय होतं?"

इतक्या लोकांना इतकं विचारलं मी, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. गावीसुद्धा कुणी विचारला नव्हता, कारण तिथे सगळ्यांना तो माणूसच माहीत होता.

"पायगोंडा," मी म्हणाले. इंग्लंडात मी ते नाव मोठ्यानं कधीच उच्चारलं नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि मी ते थांबवलं नाही.

पामेलाबाईंनी ते नाव म्हणून बघितलं. पहिल्यांदा जीभ अडखळली. त्यांनी माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, माझ्या ओठांकडे नीट बघितलं, आणि दुसऱ्यांदा आमच्या जयसिंगपुरातल्या माणसासारखं म्हणाल्या, "पायगोंडा." मग खुर्ची ओढून माझ्या जवळ सरकल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.